साडूंची शिडाची होडी

आमच्या साडूंइतका माणसाचा चारचौघांत पाणउतारा करणारा इसम अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा नसेल. जमिनीवर हा माणूस निव्वळ गाय. बोरीच्या शाळेत जन्मभर मास्तरकी केली, पण पोराटोरालाही कधी 'अरे' म्हटलं नाही. निवृत्त झाले, कुठूनशी एक जुनी शिडाची होडी ट्रकवर घालून आणली आणि स्वभावच फिरला. देवगाव फाट्यावर ट्रक चहाला थांबला तेव्हा कुणीतरी विचारलं, "गुरुजी, समुद्र कुठं हाय?" तर म्हणाले, "येलदरीला. पाऊस बरा झाला म्हंजे."

तेव्हापासून येलदरीच्या धरणावर यांचंच राज्य. हौसेनं फिरायला जावं, तर आधी ते बुडू न देणारं जाकीट घाला, मग त्याचा जांघेतून घ्यायचा पट्टा बांधा! तो पट्टा हे स्वतः दोनदा ओढून बघणार. एक पुढारी "मला पोहता येतं" म्हणाला, तर त्याला बाभळीखाली बसवलं, "मग पोहत या आमच्या मागून." वळताना शिडाचा आडवा दांडा गर्रकन फिरतो, तेव्हा हे "डोकं!" म्हणून खेकसतात, समोर सासूबाई असोत नाहीतर तहसीलदार. घरी म्हशीला खलाशाची गाठ मारून ठेवतात, ती माझ्या मेहुणीला सुटता सुटत नाही. वारा बघायला भरल्या ताटावरून उठतात. किती म्हणून सोसायचं माणसानं?

गेल्या दिवाळीत माझे नवे व्याही धरण बघायला आले आणि काठावर उभे राहिले; होडीत मी निघालो. त्यांच्यादेखत मी धोतरावरून तो पट्टा आवळून मिरवायचं? साडूंनी बांधला, ओढून पाहिला. त्यांची पाठ वळताच मी हळूच सोडला. मध्यावर गेल्यावर मी व्याह्यांकडे बघून हात हलवत होतो. "डोकं!" ऐकू आलं, पण तोवर दांड्यानं मला पाण्यात लोटलं होतं. जाकीट सरकून कानांवर आलं, हात वरच्या वर अडकले, नाकातोंडात पाणी. साडूंनी शीड उतरवलं, वल्ही मारत आले आणि बखोट धरून मला वर ओढलं.

काठावर व्याह्यांनी विचारलं, "असं कसं झालं हो?" मी तोंड उघडायच्या आत साडू म्हणाले, "पट्टा नीट बघितला न्हाई मी. चूक माझी हाय." आणि मी गप्प बसलो.

त्यानंतर पंधरवड्यातच होडी साडूंच्या अंगणात आली, ती पालथीच पडली आहे. मेहुणी तिच्यावर गोधड्या वाळत घालते. गुन्हा माझा आणि शिक्षा यांनी भोगायची, हा कुठला न्याय? स्वतःची लाज वाटायची, आणि त्याचाही राग मला त्यांचाच यायचा. शेवटी परवा बोरीला जाऊन भांडलोच.

"पट्टा मीच सोडला होता! झालं समाधान? आता उचला ती होडी."

"ठावं हाय मला," साडू शांतपणे म्हणाले. "म्या बांधलेला पट्टा आपोआप सुटत न्हाई. पण तुमचे व्याही हुते समोर."

"मग होडी का बंद केली?"

त्यांनी अंगणाकडे पाहिलं. "त्यानंतर धरणावर गेलो हुतो दोनदा. सुकाणू धरलं की पाण्याच्या वर तुमचे हात दिसतेत, साडूभाऊ."

मेहुणीनं चहा आणला, तो आम्ही ओसरीवर बसून प्यायलो. वारा चांगला सुटला होता. दोघांपैकी कुणीच तसं म्हणालं नाही.