मायचे अर्ज

माझी माय आमच्या पारधी बेड्यावरची, म्हणजे वस्तीवरची, पहिली खेळाडू. छातीवर नंबर लावून धावणारी पहिली पोरगी मीच, हे ती विचारणाऱ्याला सांगते आणि न विचारणाऱ्यालाही सांगते. आश्रमशाळेत असताना ती लांब पल्ल्याच्या शर्यती जिंकत राज्यापर्यंत गेली. पदक घेऊन परतली, फाट्यावर एसटीतून उतरली आणि अंधाराच्या आत घरी पोचावं म्हणून पळत सुटली. रस्त्यात दोघांनी तिला चोर समजून धरलं. पिशवीतलं पदक कुठून उचललंस, असं तिला ठाण्यात विचारलं.

तिथे तिचं धावणं संपलं आणि अर्ज सुरू झाले. कुठेही चोरी झाली की बेड्यावरच्या माणसांना उचलून नेणं बंद करा, हा पहिला. मग जातीच्या दाखल्यासाठी, हातपंपासाठी, शाळेत आमच्या पोरांना वेगळं बसवतात म्हणून. चाळीस वर्षं ती यवतमाळच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवते आहे. पोच मिळाल्याशिवाय खिडकी सोडत नाही. माझ्या लहानपणी ती घराबाहेर पडली की मी परत येईपर्यंत तिची वाट बघत दारातच बसायचे, कारण ती कोणत्या साहेबाशी भांडून येईल याचा नेम नसायचा.

मी मात्र भित्री निघाले. नर्स झाले, तालुक्याच्या गावी माडीवरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्ही कोणाच्यातल्या?" मी म्हटलं, "झरीकडच्या." गावाचं उत्तर त्यांनी जातीचं म्हणून ठेवून घेतलं आणि मीही ते तसंच राहू दिलं. दवाखान्याच्या कागदांवर माझी जात आहे, गल्लीत नाही. आठ वर्षं मी तिथे जीव मुठीत धरून राहते आहे. माय भेटायला आली की तिने ओट्यावर बसून गप्पा मारू नयेत म्हणून लगेच चहा टाकते. तिला ते कळतं. ती चहा पिते आणि जाते.

माझी मुलगी आजीवर गेली. पाय तिचेच. मैदानावर पळू दिलं, पण बाकीचं मी तिला बेड्यावरच्या साऱ्या आया शिकवतात तसंच शिकवलं. बाजारात पळायचं नाही. हात दिसतील असे ठेवायचे. एसटी सुटत असली तर सुटू दे.

मागच्या हिवाळ्यात तालुक्याच्या शालेय स्पर्धा होत्या. पंधराशे मीटरला मुली जास्त म्हणून दोन तुकड्या केल्या होत्या आणि प्रत्येकीतल्या पहिल्या दोघी जिल्ह्याला जाणार होत्या. माझी मुलगी पहिल्या तुकडीत होती. वर्षभर ती या एका दिवसासाठी पहाटे उठत होती. माय बेड्यावरच्या चार मुली घेऊन आली होती. त्या लिंबाखाली बसल्या, माझी मुलगीही तिथेच जाऊन बसली. मी दहा पावलांवर सतरंजीवर, शेजारी घरमालकीणबाई. त्यांचा नातू खो-खोत होता.

तेवढ्यात एका मास्तरांचा मोबाइल हरवला. भोंग्यावरून सांगितलं गेलं आणि पाचच मिनिटांत बिल्ला लावलेला एक माणूस सरळ लिंबाखाली गेला. इतकं मोठं मैदान, इतक्या पिशव्या. त्याने पाच मुलींना पिशव्या उघडायला लावल्या. माझ्या मुलीचाही डबा उघडून पाहिला. मी उठले नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण उठले नाही.

माय उठली. "साऱ्याइच्या पाहा, मंग आमच्या पाहा," ती म्हणाली. "आमच्याच काहून?"

ते चाललं असतानाच पहिल्या तुकडीची शिट्टी वाजली. मुलीने पिशवी बंद केली आणि निघाली. मैदानाच्या पार पलीकडे पोचायचं होतं आणि ती चालत निघाली. हात अंगापासून लांब, बोटं पसरलेली.

"पय नं वं, पय!" माय ओरडली. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि चालतच राहिली. ती अर्ध्यात असताना शर्यत सुटली.

टेबलावरच्या पंचांनी सांगितलं, पालकाने आत्ता लेखी कारण दिलं तर दुसऱ्या तुकडीत घेता येईल. आजीची सही चालणार नाही. मायने कागद माझ्यापुढे धरला.

"काय लिहू?"

"झालं ते लिही."

घरमालकीणबाई डोकावत होत्या. मी लिहिलं, मुलीला बरं वाटत नसल्याने उशीर झाला. मायने एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं.

"बरं नाही तं आता कशी धावन? नर्स हायस का कोन हायस तू?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी जलमभर लोकाइले अर्ज देले, बाई. घरातच द्याचा राह्यला."

खोली जाईल, गल्ली जाईल, मुलीच्या मैत्रिणी जातील, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मी पहिला कागद फाडला आणि दुसरा लिहिला. आम्ही पारधी आहोत. झडती फक्त आमच्या मुलींची झाली. माझी मुलगी वेळेवर पोचली नाही, कारण लोकांत पळू नकोस हे तिला मी शिकवलं आहे. खाली सही केली. पंचांनी तो दोनदा वाचला, माझ्याकडे न बघता मुलीला दुसऱ्या तुकडीत उभं केलं. मी वळले तेव्हा सतरंजीवर घरमालकीणबाई नव्हत्या.

मुलगी तिसरी आली. मोबाइलचं काय झालं ते आम्हाला कोणी सांगितलं नाही.

खोली सोडा, असं घरमालकीणबाई अजून म्हणालेल्या नाहीत. पण पूर्वी दिवसभर उघडं असणारं त्यांचं दार आता कडी लावून बंद असतं आणि मी रोज संध्याकाळी त्या काही बोलतील म्हणून जिना हळू चढते. मुलगी सकाळी पाठीला दप्तर लावून गल्लीतून शाळेपर्यंत पळत जाते. मी खाली दाराशी उभी असते. कोणी तिला हाक मारून थांबवेल, कोपऱ्यावर कोणी हात धरेल, या भीतीने ती दिसेनाशी होईपर्यंत मी वर जात नाही. "हळू जा" हे शब्द रोज ओठांवर येतात, आणि रोज मी ते गिळते.