बाबांच्या गाडीचा निळा रंग

माझे सासरे, म्हणजे बाबा, साजगावच्या एका कारखान्यात पत्र्याच्या विभागात होते. यंत्रांवरची झाकणं, पंख्यांची पाती, कपाटं असं काहीबाही तिथे बनायचं. निवृत्तीनंतर ते घरी बसले, आणि खरोखरच बसून राहिले. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी अंगणात खुर्ची. सासूबाई म्हणायच्या, "माणूस आहे की शोकेसमधली मूर्ती, कळत नाही."

एके दिवशी कारखान्याच्या जुन्या मालकांच्या नातवाचा फोन आला. पोशीरजवळचं त्यांचं शेतघर ते विकत होते. तिथल्या गोठ्यात आजोबांची जुनी स्पोर्ट्‌स कार पडून होती. तुम्हाला हवी असेल तर घेऊन जा, नाहीतर भंगारवाला बोलावतो, असं तो म्हणाला. बाबांनी घरात कोणालाही न विचारता सांगून टाकलं, "येतो मी."

ही गाडी बाबांनी तरुणपणी रोज पाहिली होती. दोनच माणसांची, बुटकी, कापडी छताची. मालक ती स्वतः चालवत कारखान्याच्या गेटमधून आत यायचे आणि पाळीवर आलेली सगळी माणसं वळून बघायची. एकदा तिचं मडगार्ड बैलगाडीच्या जुवाला घासून चेपलं, तेव्हा बाबांनी जेवणाच्या सुट्टीत ते ठोकून सरळ करून दिलं होतं. ही गोष्ट आमच्याकडे लग्न होऊन आलेल्या प्रत्येकाला ऐकावी लागलेली आहे.

टेंपो घेऊन आम्ही दोघं पोशीरला गेलो. नवरा आठवडाभर पुण्याला असतो, म्हणून मी. भात झोडून झालं होतं आणि गोठा पेंढ्याने छतापर्यंत भरला होता. राखणदाराची बायको पेंढ्याचे भारे बाजूला करत म्हणाली, "जरा बघून हां ताई. मागच्या शीटवर कोंबडी बसतेय आमची."

मागची सीट त्या गाडीला नव्हतीच. सीटच्या पाठीमागे सामान ठेवायची जी खबदाड होती, तिथे खरंच कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिला टोपलीसकट उचलून बाहेर ठेवलं, तेव्हा कुठे गाडी दिसली. ती कुठल्या रंगाची आहे हे सांगता येत नव्हतं. वरून खालपर्यंत विटकरी गंज, मध्ये मध्ये कोणीतरी कधीतरी मारलेला राखाडी रंग. मी दाराखालच्या लांब पट्टीला अंगठा लावला, तर तो पापड मोडावा तसा आत गेला.

"बाबा, हिचं काय करणार आपण?"

"पत्रा गेलाय," ते म्हणाले, "आकार शाबूत आहे."

राखणदारीण म्हणाली, "न्या तुमी. आमाला पोती ठेवायला जागा व्हईल."

आमचं घर पळसदरीच्या पुढे, कर्जत-खोपोली रस्त्याला लागून आहे. मागे विहिरीशेजारी पत्र्याची शेड होती, तिच्यातली लाकडं बाहेर काढून गाडी आत घेतली. दुसऱ्या दिवसापासून बाबा सकाळी पेपर न वाचता शेडमध्ये जायला लागले.

मी कर्जतला ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. सुरुवातीला मी फक्त चहा घेऊन जायची. बाबा तारेच्या ब्रशने दाराच्या बिजागऱ्या घासत बसलेले असायचे, घामाने भिजलेले, आणि बिजागरी होती तशीच. एका रविवारी मी बादलीत पाणी घेतलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला, जुन्या लोखंडाचा तुकडा एका बाजूला आणि बिजागरी दुसऱ्या बाजूला टांगून गाडीच्या बॅटरीचा चार्जर जोडला. पाण्यातून बारीक बुडबुडे यायला लागले. बाबा स्टूल ओढून बादलीसमोर बसले आणि जेवायला हाक मारेपर्यंत हलले नाहीत. संध्याकाळी बिजागरी काढून फडक्याने पुसली, तर काळं पडलेलं पण स्वच्छ लोखंड हातात आलं.

"हे मुलांना शिकवतेस?"

"शिकवते. पण पुस्तकात बिजागरी नसते."

ते हसले. त्यानंतर रविवार माझेही झाले. लहान सुटे भाग माझ्या बादलीत, मोठा पत्रा त्यांच्याकडे. जिथे गंजाने पत्रा खाल्ला होता तिथे ते खडूने रेघ मारायचे, ग्राइंडरने तेवढा भाग कापून काढायचे, कागदावर त्याचा आकार उतरवायचे आणि नव्या पत्र्यातून तसाच तुकडा कापायचे. मग तो आकार त्याला यावा म्हणून हातोडीने हळूहळू ठोकणं. पत्र्याखाली लोखंडाचा एक गुळगुळीत ठोकळा धरायचा आणि वरून मारायचं. ठोकळा धरायचं काम माझं. आवाज एवढा व्हायचा की बोलणं शक्य नसे. एरवी एकमेकांशी काय बोलावं हे सासरे-सुनेला फारसं सुचत नाही. इथे तो प्रश्नच मिटला.

मडगार्डचा वळसा ठोकत असताना मला पहिल्यांदा शंका आली. हातोडी खडूच्या खुणेच्या बाजूला पडत होती. एकदा नाही, वारंवार. बाबा थांबायचे, तळहात पत्र्यावरून फिरवायचे, उंचवटा शोधायचे आणि पुन्हा मारायचे. दार बसवल्यावर त्यांनी मला विचारलं, "फट सारखी आहे ना वरपासून खालपर्यंत?" वरची फट करंगळीएवढी होती आणि खाली नखही शिरत नव्हतं. हे आंधळ्यालाही दिसेल असं मी म्हणणार होते आणि थांबले.

"बाबा, तुम्हाला नीट दिसत नाहीये का?"

त्यांनी हातोडी खाली ठेवली. हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"हाताला दिसतं," ते म्हणाले.

मग मला एकेक आठवायला लागलं. वर्षभरापासून त्यांनी स्कूटर सोडली होती, पाठ दुखते म्हणून. टीव्ही नुसता ऐकायचे. ताटातलं मीठ सासूबाई त्यांच्या हाताजवळ सरकवायच्या. मोतीबिंदू होता, आणि तो त्यांना ठाऊकही होता. त्यांच्या थोरल्या भावाने खूप वर्षांपूर्वी कुठल्याशा शिबिरात ऑपरेशन करून घेतलं होतं आणि तो डोळा कायमचा गेला होता. ते बाबांनी जवळून पाहिलं होतं.

"आता तसं नसतं हो," मी म्हटलं. "सकाळी जायचं, दुपारी घरी."

"गाडी होऊ दे. मग बघू."

मी वाद घातला नाही. दाराची फट मी बघायची आणि ते ठोकायचे, असं ठरलं. "वर जरा," "बास," "आता खाली," एवढंच मी बोलायची. त्यांना ते आवडत नव्हतं हे त्यांच्या खांद्यांवरून कळायचं, पण फट सारखी झाली. त्या दिवशी त्यांनी दार पुन्हा पुन्हा उघडून लावून बघितलं. ते लागताना जो भरीव आवाज येतो, तो ऐकत ते मान हलवत होते.

पुट्टी लावून, घासून, प्रायमर मारून झाला तोवर उन्हाळा लागला होता. रंगासाठी खोपोलीच्या एका पेंटरला बोलावलं. तो टेंपो रंगवायचा; स्पोर्ट्‌स कार त्याने आयुष्यात पहिल्यांदा बघितली. बाबांना जो निळा हवा होता तो कुठल्याच कार्डावर नव्हता. जुना रंग आम्ही घासून पार उडवला होता, त्यामुळे नमुना असा बाबांच्या डोक्यातच होता. "पावसाळ्यात संध्याकाळी डोंगर दिसतो बघ, तसा," ते सांगत होते. पेंटर डब्यात ढवळायचा, पत्र्याच्या तुकड्यावर फासून दाखवायचा.

"अजून निळा," बाबा म्हणायचे.

तो आणखी घालायचा.

"अजून. हा राखेसारखा दिसतोय."

पेंटरने माझ्याकडे बघितलं. "काका, लई निळा हाय हो हा."

"मी बघितलीय गाडी. तू बघितलीस का?"

बाबांना बारीकसारीक किती लख्ख आठवतं हे मला माहीत होतं. मला वाटलं, असेल असाच. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "छान आहे, कृष्णासारखा," आणि आत गेल्या. गाडी रंगून झाली तेव्हा ती विहिरीशेजारी अशी चमकत होती की रस्त्यावरून जाणारे दुचाकीवाले वेग कमी करून बघायचे. बाबा खूश होते. आणि शब्दाला जागून त्यांनी स्वतःच म्हटलं, "चल, कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते सांग."

पनवेलला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. परत येताना त्यांनी काळा चष्मा लावला होता. पट्टी निघाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघरात आले, मी पोळ्या लाटत होते. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?"

"झाले हळूहळू."

"मला वाटायचं, तू अजून..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि ओट्याच्या टाइल्सवरून बोट फिरवलं. "ह्या पांढऱ्या आहेत होय? मी पिवळ्या समजत होतो."

मग ते मागच्या दाराने शेडकडे गेले. मी तवा उतरवून मागोमाग गेले, कारण ज्या डोळ्यांना पांढरं पिवळं दिसत होतं, त्यांनीच तो निळा निवडला होता हे मला तेवढ्यात कळलं होतं.

ते गाडीसमोर उभे होते. हाताने डावा डोळा झाकला, बघितलं. मग उजवा झाकला, बघितलं. असं त्यांनी कितीतरी वेळा केलं.

"या डोळ्याने बरोबर आहे," ते ऑपरेशन न केलेल्या डोळ्यावर बोट ठेवून म्हणाले. "डोंगरासारखाच आहे. आणि या डोळ्याने..." ते माझ्याकडे वळले. "तुला कसा दिसतो?"

"प्लास्टिकची बादली असते ना, तसा."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

मला वाटलं ते चिडतील. ते स्टुलावर बसले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरून जवळ गेले, तर ते हसत होते. हसता हसता त्यांनी नव्या डोळ्यातलं पाणी जपून टिपलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं. मीही हसायला लागले. सासूबाई आवाज ऐकून बाहेर आल्या आणि काय झालं ते कळल्यावर म्हणाल्या, "तरी मी म्हटलं, मालकांच्या गाडीला असला रंग कशाला असेल."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ऐकता?"

रंग तसाच ठेवायचा की नाही यावर दोन-तीन दिवस विचार झाला. नवरा फोनवर म्हणाला, राहू द्या, गंमत आहे. मलाही तसंच वाटत होतं; घासायचं पुन्हा सगळं, या विचाराने हात दुखायला लागले होते. पण बाबा म्हणाले, "मला दिसत असताना एकदा करायचंय."

पाऊस सरल्यावर, दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन होऊन तो पुरता बरा झाल्यावर, आम्ही पाण्यात भिजवून घासायचा बारीक पॉलिशपेपर घेऊन बसलो. या वेळी मी ठोकळा धरणारी नव्हते. एक बाजू माझी, एक त्यांची. घासताना त्यांना त्यांच्याच कामातले दोष दिसत होते. डिकीच्या कोपऱ्यात पुट्टी जाड राहिली होती, दिव्याच्या कडेला एक लाट होती. "हे मी केलंय?" असं ते म्हणायचे आणि दुरुस्त करायचे. माझ्या बाजूच्या चुका त्यांना दिसल्या असतीलच. त्या त्यांनी कधीच दाखवल्या नाहीत, माझं झालं की गुपचूप तिथून एकदा हात फिरवायचे.

पेंटर पुन्हा आला. डबा ढवळला, तुकड्यावर फासला. बाबांनी तो उन्हात नेला, सावलीत नेला. मग माझ्या हातात दिला.

"तू सांग."

"मी कुठे बघितली होती गाडी?"

"डोंगर बघितलायस ना?"

मी तुकडा वर धरला, मागे माथेरानचा डोंगर येईल असा. पेंटरने एक थेंब काळा घातला, मग अर्धा पांढरा. आम्ही दोघं एकदमच "बास" म्हणालो. मालकांच्या गाडीचा रंग नेमका हाच होता का, हे बाबांनी छातीठोकपणे सांगितलं नाही. "जवळपास," ते म्हणाले.

इंजिनाचं काम कर्जतच्या एका मेकॅनिकने केलं, त्याला बराच काळ लागला. गेल्या थंडीत गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, बाबा चालवायला बसले. शेजारी बसायला मी पुढे झाले, तर सासूबाई चपला घालून, डोक्याला रुमाल बांधून तयारच उभ्या होत्या. "खालापूरला माझं तहसीलमध्ये काम आहे," त्या म्हणाल्या. रविवार होता, तहसील बंद.

बाबा उतरले; सासूबाईंना आत बसवायला आम्हां दोघांनाही धरावं लागलं, इतकी ती सीट खाली आहे. बाबांनी गाडी हळूच बाहेर काढली, रस्त्याला लावली, एक ट्रक जाऊ दिला आणि खोपोलीच्या दिशेने वळले. मी गेट लावलं. शेडमध्ये पेपरचे तुकडे, रिकामे डबे, फडकी सगळं पसरलं होतं. ते येईपर्यंत मी सगळं झाडून घेतलं.