चार सनईसम्राट आणि दादाचा सूर

आमच्या घरामागे गुरांच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगावर एक फ्लेक्स टाकलेला आहे. त्यावर चार माणसं फेटे बांधून, सनया हातात धरून उभी आहेत आणि खाली लाल अक्षरांत लिहिलंय, ‘वाशिम जिल्ह्याचे चार सनईसम्राट’. डावीकडून तिसरा मी. बकरी ढिगावर चढते आणि नेमकी माझ्या तोंडावर उभी राहते. बायको तिला हाकलत नाही. मीही हाकलत नाही.

सम्राट म्हणे! फेटासुद्धा आमचा नव्हता. फोटोवाल्याकडे एकच फेटा होता, तो चौघांनी पाळीपाळीने घातला. आमच्यातल्या कामरगाववाल्याचं डोकं मोठं, त्याने ओढून ओढून सैल केला, म्हणून माझ्या फोटोत तो भुवयांवर उतरलेला दिसतो.

सनई एकटी वाजत नाही. हे ऐकणाऱ्यांना माहीत नसतं, कारण लग्नात सगळे नवरीकडे पाहत असतात. एक जण चाल वाजवतो आणि त्याच्या बाजूला दुसरा माणूस नुसता एक सूर धरून बसतो. पाहुणे यायला लागले की धरायचा आणि पंगती उठेपर्यंत सोडायचा नाही. गालात हवा साठवायची, नाकाने श्वास घ्यायचा, पण सूर तुटू द्यायचा नाही. त्या माणसाला कोणी मास्तर म्हणत नाही. कोणी त्याला फर्माईश करत नाही. माझा सूर माझा मोठा भाऊ धरायचा. दादाने बावीस वर्षं माझा सूर धरला.

बाबांनी लहानपणी आम्हाला दोन सारख्या सनया आणून दिल्या होत्या. दोघंही चाली काढत बसायचो, आणि खरं सांगायचं तर दादाला आधी यायच्या. एक दिवस बाबांनी दादाच्या सनईची सगळी भोकं मेणाने बुजवून टाकली. “दोघंबी वाजवत बसले त सूर कोन धरीन?” एवढंच म्हणाले. दादा मोठा, ऐकणारा, म्हणून त्याची बुजवली. मी रडका होतो, माझी बुजवली असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. मास्तर मी असा झालो. लोकांना मात्र मी सांगत आलो की माझी बोटं जन्मापासूनच फिरतात. दादा शेजारी बसून ऐकायचा, त्याने एकदाही मला खोटं पाडलं नाही.

दर वर्षी लगीनसराई उघडायच्या आधी दादा सनईतलं जुनं मेण खरवडून काढायचा आणि नवं भरायचा. दिव्याजवळ धरून मेण मऊ करायचा, अंगठ्याने दाबायचा. त्याचा उजवा अंगठा तेवढ्यापुरता गुळगुळीत झाला होता. मी शेजारी माझ्या सनईच्या तोंडात धरायच्या पत्त्या निवडत बसायचो आणि त्याला म्हणायचो, “दादा, बरं हाये बाप्पा तुह्यं, पत्तीची कटकट नाही, चालीची कटकट नाही.” तो हसायचा. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

माझं नाव कशासाठी झालं होतं? दमासाठी. मंगरूळपासून रिसोडपर्यंत लोक म्हणायचे, याचा दम पाहा, तान सुरू झाली की संपतच नाही. म्हातारी माणसं मांडीवर बोटांनी मात्रा मोजायची. मलाही ते खरं वाटायचं.

मग वाशिमचा एक मंडपवाला घरी आला. मोठ्या लोकांच्या लग्नात आता डीजेसोबत स्टेजवर सनईही लागते, आणि एकटा माणूस त्या एवढ्या स्टेजवर कसातरीच दिसतो. म्हणून त्याने जिल्ह्यातले नावाजलेले चौघे एकत्र करायचं काढलं होतं. कामरगावचा, ज्याची सनई माईक नसला तरी बसस्टँडवर ऐकू जायची. केनवडचा, सगळ्यांत म्हातारा, ज्याच्याकडे जुन्या चाली होत्या आणि ज्याने एकही कोणाला शिकवली नव्हती. इंझोरीचा तरणा, सिनेमाची गाणी वाजवणारा. आणि मी. आम्ही चौघं एकमेकांना चांगले ओळखून होतो आणि एकमेकांबद्दल चांगलं कधीच बोललो नव्हतो.

“सूर धरनाऱ्याईचं काय?” मी विचारलं. विचारलं होतं, एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

“मशीन लावू ना सुराची,” मंडपवाला म्हणाला. “स्टेजवर चारच खुर्च्या बसतात मास्तर. पाचवा मानूस कायले? अन् फोटोत तं चारच पाहिजे.”

दादा ओट्यावर बसून तुरीतले खडे वेचत होता. त्याने सगळं ऐकलं. मंडपवाला गेल्यावर मी म्हणालो, “दादा, एवढी सराई जाऊन पायतो. मंग आपलं हायेच.”

“जाय ना,” दादा म्हणाला. “मशीन बरी. थकत नाही.”

वहिनी आतून बाहेर आली. ती कधी मध्ये बोलत नसे, त्या दिवशी दादाकडे बोट करून बोलली. “भाऊजी, तुमी चालले तं यायले कोन बलावीन? नुसत्या सुराले कोनी सुपारी देते काय?”

चाल वाजवणारा कुठेही बोलावला जातो. सूर धरणाऱ्याची जागा फक्त एका माणसाच्या बाजूला असते, आणि तो माणूस मी होतो. हे मला माहीत होतं. माहीत असून मी दुसऱ्या दिवशी फोटो काढायला वाशिमला गेलो.

तालमी मंडपवाल्याच्या गोदामात, गाद्यांच्या थप्प्यांमध्ये. पहिला दिवस कोणी कुठे बसायचं यातच गेला. केनवडवाला म्हणाला, वयाने मी मोठा, उजवी बाजू माझी. कामरगाववाला म्हणाला, मी तर उजवीकडेच वाजवतो, मला डावीकडून ऐकूच येत नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की चौघांच्या सनयांचे सूर चार आहेत. कोणाची उंच, कोणाची बसकी. मशीन कोणाच्या सुरावर लावायची? प्रत्येकाला वाटे, माझी सनई बरोबर, बाकीच्यांनी बदलावी. शेवटी मंडपवाल्याने वैतागून स्वतःच बटण फिरवलं आणि आम्हा चौघांना भाड्याच्या सारख्या सनया आणून दिल्या. स्वतःची सनई गोदामाबाहेर ठेवून आत वाजवायचं! तरीही वाजवलं. नावाची हाव असली की माणूस कशालाही हो म्हणतो.

आणि ठरलेलं काय होतं? एकाने चाल वाजवायची, बाकी तिघांनी मशीनसोबत सूर भरायचा. अहो, कोणाला जमतं? दोन मिनिटं तिघं गाल फुगवून गप बसायचे. मग इंझोरीवाल्याची बोटं हलायला लागायची, हळूच एक हरकत, की कामरगाववाला त्याच्यावर चढायचा, की केनवडवाला सनई खाली ठेवून म्हणायचा, “हे काय करून राह्यले बे तुमी? बाजार हाये काय?” आणि मग तोही सुरू. मी काही वेगळा नव्हतो. बावीस वर्षं माझ्या बाजूला एक माणूस बोटं न हलवता बसला होता, आणि मला तीन मिनिटं बसवत नव्हतं.

लग्न रिसोड रोडवरच्या एका लॉनवर होतं. सकाळचा मुहूर्त. फाटकावर फ्लेक्स, स्टेजवर चार खुर्च्या, खुर्च्यांमागे मशीन. पहिली चाल केनवडवाल्याची, वयाचा मान म्हणून. दुसरी माझी.

मी माझी हुकमी तान काढली. मशीन चालू होती, सूर बरोबर होता, एका रेषेत सरळ. मी नेहमीच्या जागी श्वास घ्यायला थांबलो, आणि तिथे भोक पडलं. स्पष्ट, अख्ख्या लॉनला ऐकू जाईल असं. त्या भोकातून मला वाढप्यांच्या भांड्यांचा आवाज आला. आधी मला वाटलं माईक बंद पडला. पुढच्या फेरीला पुन्हा तसंच. तिसऱ्या फेरीला माझ्या लक्षात आलं.

मी श्वास घेताना कायम थांबतच होतो. बाबांनी शिकवलेलं ते नाकाने हवा घ्यायचं काम मला कधी पुरतं साधलंच नव्हतं. मी थांबलो की दादा त्या क्षणी आपला सूर जरासा वर उचलायचा, भरीव करायचा, आणि मी परत आलो की खाली घ्यायचा. ऐकणाऱ्याला वाटे तान चालूच आहे. मलाही तसंच वाटे. जिल्हाभर ज्या दमाचं कौतुक व्हायचं तो माझा नव्हताच. बावीस वर्षांत दादाने मला हे सांगितलं नाही. मशीनला काय पडलंय, ती कोणासाठी सूर उचलते?

चौथ्या भोकात इंझोरीवाला घुसला. त्याच्यामागे कामरगाववाला. मग सगळे, चार जण, चार चाली. नवरीचा मामा स्टेजजवळ आला, हात जोडून म्हणाला, “बस करा मास्तर, आता डीजे लावू द्या.” पोरं खूश झाली. आम्हाला पंगतीत शेवटच्या रांगेत बसवलं. मांडीला मांडी लावून चार सम्राट वरण-भात खात होते आणि कोणी कोणाकडे पाहत नव्हतं.

परतीच्या जीपमध्ये कामरगाववाला एकच बोलला. “तुया दम कुठी गेला रे? लय आयकलं होतं बुवा तुह्याबद्दल.” ते लग्न पहिलं आणि शेवटचं. मंडपवाल्याने पुन्हा फोन केला नाही. फ्लेक्स मात्र मी मागून आणला, कारण प्लास्टिक चांगलं होतं.

दादाकडे जायला मला दिवाळी उजाडली. भिंतीला भिंत लागून घर, आणि मला इतके महिने लागले. बोलणं होत होतं, पाण्याचं, फवारणीचं, ढोरांचं. सनईचा विषय कोणी काढत नव्हतं. मग मंगरूळजवळच्या एका गावची सुपारी आली. म्हटलं, हेच निमित्त. वाशिमच्या बाजारातून दादासाठी ताजं मेण घेतलं, चांगलं पिवळं. मला वाटलं, मेण पाहिलं की तो समजेल. माफी मागायची ही माझी पद्धत! अकलेचा कांदा मी.

वाट ढोरांच्या कोठ्यावरून जाते. आतून सनई ऐकू आली. माझी चाल होती, हुकमी, तीच. मला वाटलं मोबाईलवर कोणी लावलीय. डोकावलो तर दादा खाटेवर बसून वाजवत होता. मेण काढलेलं होतं. सगळी भोकं मोकळी, आणि इतक्या वर्षांनीही लाकडात प्रत्येक भोकाभोवती मेणाचा काळा गोल होता. बोटं जड पडत होती, पण चाल नेमकी होती. ऐकून ऐकून शिकलेली. श्वास कुठेच तुटत नव्हता.

मला पाहून तो थांबला. मी पुडी त्याच्यासमोर खाटेवर ठेवली. “दादा, सुपारी आली. चाल ना.”

त्याने पुडी उघडून पाहिली. रागावला नाही. त्याने मेणाला बोटही लावलं नाही. कोपऱ्यात बाबांनी लहानपणी दिलेली माझी जुनी सनई टांगलेली होती, ती काढून माझ्या हातात दिली. “घे. तू धर सूर. मी वाजवतो.”

मी धरला. देवाशपथ मनापासून धरला. दादाने चाल सुरू केली. पहिली फेरी निघाली असेल नसेल, माझे गाल दुखायला लागले, छाती भरून आली, आणि सूर तुटला. दादा वाजवत राहिला. मी पुन्हा धरला, पुन्हा तुटला. तिसऱ्या वेळी मी सनई खाली घेतली आणि म्हणालो, “थांब दादा, जरा दम घेऊ दे.”

दादा थांबला. माझ्याकडे पाहिलं.

“तू दम घ्यायचा, तवा म्या कधी दम घेतला काय रे?”

बावीस वर्षांत त्याने मला विचारलेला हा एकच प्रश्न. वहिनी दारात उभी होती, तिने खाटेवरची पुडी उचलली आणि माझ्या खिशात कोंबली. “हे घेऊन जा भाऊजी. आमाले नाही लागत आता.”

सुपारीला मी मशीन घेऊन गेलो. मोबाईलमध्येच येते आता. ताना लहान काढतो, श्वास तुटायच्या आत थांबतो, आणि लोक म्हणतात मास्तरांचं वय झालं. दादा सकाळी ढोरांना चारा टाकून वाजवतो, एकटाच, सुराशिवाय. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येतं. जाऊन बाजूला बसावं वाटतं रोज. पण बसून करू काय? मला सूर धरता येत नाही.