पिवळ्या माशाचं सोवळं

दिल्लीत माणसाने ज्या ज्या गोष्टींना घाबरावं, त्या सगळ्यांना माझे मामेसासरे मनापासून घाबरून झालेले आहेत. हवेला, नळाच्या पाण्याला, भूकंपाला, माकडांना, आणि "सर, मैं बैंक से बोल रहा हूँ" अशी सुरुवात होणाऱ्या प्रत्येक फोनला. गुरुग्रामच्या सोसायटीत चौदाव्या मजल्यावर राहतात, पण लिफ्टमध्ये शिरण्याआधी एक पाय आत टाकून, थोडं वजन देऊन बघतात. बाहेर पडताना बंद गॅसचा फोटो काढतात आणि मेट्रोत बसल्यावर तो उघडून पुन्हा पाहतात. एकदा तर, हा फोटो आजचाच आहे कशावरून, या शंकेने राजीव चौकातून घरी परत गेले. केंद्र सरकारच्या एका खात्यात त्यांनी उभी हयात काढली. तिथे त्यांच्या हातून एकही चूक झाली नाही, कारण फारसं काही झालंच नाही, असं आमच्या मामी म्हणतात.

अशा माणसाने समुद्रातले मासे पाळावेत, तेही जिथून समुद्र कुठल्याही दिशेला लांबच आहे अशा ठिकाणी, याला काय म्हणावं? निवृत्तीनंतर त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, घरात मासे ठेवा, बघत बसा, मन शांत होईल. मामांनी डॉक्टरांच्या धाकाने चार फुटी टाकी आणली, गाळलेल्या पाण्यात मोजून मीठ कालवून हॉलमध्ये समुद्र तयार केला, आणि त्या दिवसापासून त्यांच्या घाबरण्याला एक भक्कम बैठक मिळाली. पाणी खारट कमी झालं तर, जास्त झालं तर, हीटर फुटला तर. नवा मासा आणला की महिनाभर तो वेगळ्या टबात राही. घरात पाहुणा आला आणि नुसता खोकला तरी मामा आधी टाकीवर झाकण टाकत.

पण मामींच्या साठीच्या दिवशी मामांनी एक नवा मासा थेट टाकीत सोडला. घर पाहुण्यांनी भरलेलं, मामी नव्या साडीत टाकीपुढे बसलेल्या, आज एवढ्यापुरतं चालेल असं मामांना वाटलं. आठ दिवसांत सगळ्या माशांच्या अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले. तीन मासे गेले. उरला एकच, तळहाताएवढा, हळदीच्या रंगाचा. मामी टाकीशेजारी बसून मटार सोलायच्या तेव्हा हा काचेला नाक लावून प्रत्येक दाण्याकडे बघायचा. मामी त्याला नुसतं 'पिवळा' म्हणायच्या. मामांचा मला फोन आला तेव्हा आवाज ओळखू येत नव्हता. "आयुष्यात एकदाच मी घाबरलो नाही गं," ते म्हणाले, "एकदाच."

नवरा नोकरीसाठी परगावी, मी तेव्हा सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये एकटीच राहत होते. दुसऱ्याच दिवशी तासभर मेट्रोत बसून त्यांच्याकडे पोचले. मासेवाल्याने "अंकल, दवा डाल दो, बस" म्हणून बाटली दिली होती, पण ते औषध थेंबभर कमी पडलं तर रोग जात नाही आणि थेंबभर जास्त झालं तर मासा जातो, हे वाचून मामांनी ती बाटली कपाटात कुलूपबंद केली होती. त्यांनी दुसरा रस्ता धरला. हा रोग म्हणजे एक डोळ्यांना न दिसणारा किडा. माशाच्या अंगावर चार दिवस जेवतो, मग खाली पडतो, तळाशी घर करतो, आणि त्या घरातून शेकडो पिल्लं निघून पुन्हा मासा शोधतात. म्हणून दर तिसऱ्या दिवशी मासा उचलायचा आणि कोरड्या ठणठणीत टबात, नव्या पाण्यात टाकायचा. किडे मागे राहतात. असं पाच वेळा. मोठी टाकी मात्र अडीच महिने माशाविना तशीच चालू ठेवायची, म्हणजे तिथले किडे उपाशी मरतात. अट एकच, माशाच्या अंगाला असेल तेवढी सोडून जुन्या टबाची ओल नव्या टबाला लागता कामा नये. एक थेंबसुद्धा नाही.

झालं. तरुणपणी सांगलीत आईचं सोवळं मोडायचं म्हणून तिच्या वाळत घातलेल्या साडीला मुद्दाम हात लावणारा हा माणूस आता घरात सोवळं पाळू लागला. जुन्या टबाजवळ जाताना एक पायजमा, नव्याजवळ जाताना दुसरा. दोन टॉवेल, दोन चपला, मामींच्या दोन प्लास्टिकच्या चाळण्या. मी दारात उभी, तर ये-बस न म्हणता पहिला प्रश्न, "हात कोरडे आहेत?" मामी भाजीची ओली जुडी घेऊन हॉलमधून गेल्या तर मामा भिंतीला चिकटून उभे राहत. "सासूबाई आज असत्या तर पेढे वाटले असते," मामी म्हणायच्या. मामा चिडत. "हे सोवळं नाही, शास्त्र आहे." "बिल्कुल," मामी म्हणत, "त्यांचंही शास्त्रच होतं."

आम्ही हसायचो खरे, पण तिसऱ्या फेरीला धुकं उतरलं आणि हसू गेलं. बाल्कनीतून समोरची इमारतही दिसेना. धुतलेला टब उन्हात वाळवायचा, तर ऊनच नाही. मामा त्यावर हेअर ड्रायर फिरवत, मग तळावर टिश्यूपेपर दाबत, मग तो कागद चष्म्याजवळ धरून बघत. पिवळा कोपऱ्यात एका अंगावर कलून श्वास घेत असायचा. त्याचे कल्ले इतके भराभर हलत, की बघणाऱ्यालाच धाप लागावी. मामा जेवत नव्हते. "हा गेला तर तिच्याकडे कुठल्या तोंडाने बघू," ते मला स्वयंपाकघराच्या दारात हळूच म्हणाले.

पाचव्या, शेवटच्या फेरीला मामांचा धीर होईना म्हणून चाळणी मी धरली. जुन्या टबात कोपरापर्यंत हात घातला, पिवळा उचलला, चाळणी निथळवून, पाण्याला न लावता, वरूनच नव्या टबात सोडला. हात धुवायला वळणार, तेवढ्यात नव्या टबाच्या काठावरची हवेची नळी घसरून आत पडली, आणि मी तो ओला हात तसाच पाण्यात घालून ती पकडली. मामा पाठमोरे होते, टॉवेल घेत होते. मी हात बाहेर काढला. बोलले नाही. का नाही बोलले, ते आजही सांगता येत नाही.

मग मला कळलं घाबरणं म्हणजे काय असतं. ऑफिसात फाईल उघडली की त्यावर पांढरे ठिपके दिसत. रोज मामींना फोन, कधी ढोकळ्याची कृती विचारायला, कधी धुकं किती आहे हे विचारायला, आणि शेवटी अगदी सहज, "पिवळा काय म्हणतो?" फोन मामांनी घेतला की म्हणत, "एकदम ठीक." हा माणूस उभ्या जन्मात कशाला ठीक म्हणाला नव्हता, त्यामुळे मी जास्तच गारठायचे. रविवारी येते म्हटलं, तर "नको, धुक्यात गाड्या धडकतात." सलग तीन रविवार हेच. मेट्रो कुठे आणि कशाला धडकते, हे विचारायचंही माझ्यात त्राण नव्हतं. मासा मेलाय आणि हे दोघं माझ्यापासून लपवताहेत, अशी माझी खात्री झाली.

मार्चात त्यांनीच बोलावलं. पिवळा मोठ्या टाकीत सोडायचा होता. जिवंत होता, अंगावर एक ठिपका नाही, चांगला गुटगुटीत. तो पाण्यात गेला, दगडाला एक फेरी घातली आणि मामींसमोर येऊन थांबला. मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं, नळी, हात, सगळं.

"पाहिलं होतं मी," मामा म्हणाले. "मोठ्या टाकीच्या काचेत दिसलीस."

"मग?"

"मग काय," मामी म्हणाल्या. "तू मेट्रोत बसायच्या आत यांनी तो टब रिकामा केला. पाचच्या पाच फेऱ्या पुन्हा पहिल्यापासून. चाळणी मी धरली. तुला सांगायचं नाही म्हणून मला देवाची शपथ घ्यायला लावली, आणि स्वतः देव मानत नाहीत."

"पण मला सांगायचं ना, मामा. मी आले असते."

मामा चष्मा पुसत राहिले. "तू ढोकळ्याची कृती तीनदा विचारलीस. तेव्हाच कळलं, पोरगी घाबरलीय. म्हटलं, घाबरायला घरात मी आहे की. दोघांनी कशाला घाबरायचं?"

इतकी वर्षं नातेवाइकांत बसून मी या माणसाच्या भित्रेपणाच्या नकला केल्या होत्या. त्या दिवशी मला तिथेच रडू आलं, आणि मामी टॉवेल आणायला उठल्या.

आता ते दोघं पुण्याला मुलीकडे गेले. पिवळा गुरुग्रामच्या त्यांच्याच जुन्या सोसायटीतल्या एका बाईंकडे आहे, मजेत आहे म्हणतात. मी इथेच आहे. थंडीत सकाळी खिडकीबाहेर काही दिसत नाही, मी स्वेटर चढवून ऑफिसला निघते, आणि गाड्या धडकतात, जाऊ नकोस, असं सांगायला फोन येत नाही. माझ्या वाटचं घाबरणारं या शहरात आता कोणी नाही.