दिगूभाऊंचं मत बाद नाही

माणूस मेला की त्याचं मतही बाद होतं, हे मला आमच्या सिनेमाच्या ग्रुपवर कळलं.

वर हात जोडलेल्या इमोजींची रांग. खाली लगेच मेसेज: "दिगूभाऊंचं व्होट मायनस करून रिझल्ट टाकतो."

रांग संपेपर्यंतही दम नाही धरवला.

दिगांबर इंगोले. बोरी अरबला शेती, कापूस आणि तूर. दारव्ह्याला आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात मोठा आवाज आणि, माझ्या मते, सगळ्यात वाईट टेस्ट. हार्ट अटॅक. सकाळचा चहा अर्धा राहिला, असं वहिनी सांगत होत्या.

परवा तेरवी झाली. आज आमची बैठक होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दर डिसेंबरात आम्ही कुणाच्या तरी शेतात जमतो. मिठाच्या पाण्यात तुरीच्या शेंगा उकडायच्या आणि वर्षातले बेस्ट पिक्चर ठरवायचे. भांडण मनसोक्त. पण एक नियम आहे. दुसऱ्याच्या पिक्चरला नावं ठेवायची तर आधी तो पूर्ण सांगायचा. असा सांगायचा, की ज्याचा तो आवडता आहे त्याने म्हणावं, "हो, हाच माझा पिक्चर." मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

नियम दिगूभाऊंचाच. माझ्यामुळे केलेला, असं ते सगळ्यांना सांगत.

"मॅडम, तुम्ही पिक्चर पाहून राह्यल्या का पेपर तपासून राह्यल्या?"

मी बँकेत होते, शिक्षिका नव्हते. पण नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकले, हे त्यांनी मला कधी विसरू दिलं नाही.

"तुमच्या नन लोकाईनं रडाले बंदी केलती काय हो?"

बाकीचे माझ्यापुढे गप्प बसतात. मी दोन वाक्यं इंग्रजीत बोलले की लगेच "मॅडम म्हणतात ते बरोबर." दिगूभाऊ नाही. ते शेंगा सोलता सोलता म्हणत, "आता हेच मराठीत सांगा, मग पाहू बरोबर आहे का."

यंदा त्यांचा पिक्चर होता फ्रीजवाला. खरं नाव ग्रुपवर कुणी घेतच नाही. वाटणीवरून अबोला धरलेल्या बहिणीकडे भाऊ टेम्पोत फ्रीज घालून निघतो. पूर्ण पिक्चरभर रस्ता, धूळ आणि फ्रीज.

मी म्हटलं होतं, "ही दुकानाची जाहिरात आहे."

माझा पिक्चर कोर्टातला. एक खोली, एक खटला, पार्श्वसंगीत नाही. उत्तम पिक्चर. अजूनही म्हणते, उत्तम.

दिगूभाऊंची व्हॉइस नोट आदल्या संध्याकाळी आली होती. "मॅडम, फ्रीजवाला एक नंबर. पक्कं. बाकीचे नंबर तुम्हीच भरून टाका, मले काही फरक नाही पडत."

दुसऱ्या दिवशी ते गेले.

त्यांचं मत धरलं तर फ्रीजवाला पहिला. काढलं तर माझा.

तो मेसेज टाकणारा आमचा ॲडमिन प्रशांत, मोबाईलचं दुकान आहे त्याचं. मी फोन केला.

"प्रशांत, त्यांनी मत जिवंतपणी दिलंय."

"मॅडम, रूल इज रूल. बैठकीत नसला त व्होट नाही. अन् तुमचाच पिक्चर जिंकून राह्यला न, तुम्ही कायले टेन्शन घेता?"

मी फोन ठेवला. मग घरभर फिरत राहिले. जेवायला बसले, उठले. टीव्ही लावला, बंद केला. भांडणारा मेला म्हणून मिळालेला पहिला नंबर! मला? जन्मात कधी ग्रेस मार्क घेतले नाहीत मी.

आज शेतात मी तेच पुन्हा काढलं.

"भाऊ गेले, दुःख सगळ्याईलेच आहे," प्रशांत म्हणाला, "पण त्याईच्या तर्फे पिक्चर सांगाले त माणूस पाह्यजे न?"

"मी सांगते."

सगळे हसले. "तुम्ही? अन् फ्रीजवाला?"

हो. मी. फ्रीजवाला.

उभी राहिले आणि सांगितला. टेम्पो, धूळ, ढाब्यावर भावाने चहा घेतला पण खुर्ची अशी ठेवली की टेम्पो दिसत राहील. मग गाव आलं...

"नाही मॅडम," प्रशांत मधेच बोलला. "त्याच्या आंधी तो फ्रीजची दोरी पुन्हा बांधते. दोरी ढिली नसतेच, तरी बांधते. भाऊ हे हात करून करून सांगत जाय."

बरोबर होतं. मी दोरी सांगितली.

मग शेवट. फ्रीज अंगणात उतरवलेला. बहीण घरातून पाण्याचा तांब्या आणते आणि फ्रीजमध्ये ठेवते. भाऊ म्हणतो, "अजून वायर नाही लावली." ती म्हणते, "माहीत आहे."

इतकंच. पिक्चर संपतो.

एरवी इथे दिगूभाऊ डोळे पुसत म्हणायचे, "हो, हाच माझा पिक्चर." आज ते कोण म्हणणार?

कुणी शेंगांना हात लावेना.

शेवटी प्रशांतच म्हणाला, "हाच आहे. भाऊचा हाच पिक्चर आहे." आणि मोबाईलमध्ये मान घालून त्याने मत परत लावलं.

फ्रीजवाला पहिला. माझा दुसरा.

निघताना प्रशांत म्हणतो, "मॅडम, म्हणजे तुमचंबी मत बदललं त!"

अजिबात नाही. पिक्चर रटाळ आहे, लांबलाय, आणि बंद फ्रीजमध्ये पाणी गार होत नाही. हे सगळं मी तिथेच सगळ्यांना ऐकवलं. नियमाने आता तो हक्क होता माझा.

उलट उत्तर मात्र कुणी दिलं नाही. "मॅडम म्हणतात ते बरोबर," म्हणाले सगळे.

दिगूभाऊ, तुमचा पिक्चर पहिला आला.

नमस्कार.