लाल रंगाचा पहिला हात

सरपंचांनी लष्कराच्या लिलावातून ग्रामपंचायतीसाठी जीप आणली, तेव्हा ती गाडी कमी आणि गंज जास्त होती. माझा थोरला भाऊ पुण्यात एका गॅरेजात तीन वर्षं राबून गावी परतला होता. सरपंच त्याला म्हणाले, "हिला नवी करून दे, डायवर तूच." तेवढ्या शब्दावर त्याने लग्नाला होकार दिला.

गॅरेजात यंत्राने वाळूचा फवारा मारून गंज काढत. आमच्याकडे वीजही नव्हती. भावाने मुळा नदीची वाळू चाळली, कढईत भाजून कोरडी केली आणि गोणपाटाच्या बोळ्याने अंगणात एकेक पत्रा घासायला घेतला. पहिलं मडगार्ड चकचकीत झालं, त्याच संध्याकाळी त्यावर अस्तराचा लाल रंग चढवला. बाकीच्यांना एकदमच रंग द्यायचा होता; ते पत्रे घासून व्हायला आठ दिवस आणि त्याच्या बोटांची सालं गेली. तो पुन्हा ब्रश बुडवणार तोच सरपंच आले.

"थांब. पयला हात साहेबांचा. तालुक्याचं साहेब येनार हायेत परवा."

"आबा, उघडं लोखंड हाय. आजच झाकाया पायजे, न्हाईतर गंजंल."

"इतकी वर्सं गंजलंच हुतं की! दोन दिसांनी काय आभाळ कोसळतंय?"

तोवर हवा कोरडी होती, आता दसऱ्याआधीचं धुकं उतरलं. साहेब पाचव्या दिवशी उगवले. पत्र्यांवर तांबूस साय धरली होती; पण अस्तरही त्याच रंगाचं, त्यामुळे मंडपात कुणाला काही दिसलं नाही. साहेबांनी ब्रश फिरवला, टाळ्या झाल्या. मानपत्र मी लिहिलं होतं. त्यात 'श्रमप्रतिष्ठा' हा शब्द तीनदा होता.

दुसऱ्या दिवशी भाऊ पुन्हा घासायला बसला. सरपंच ओरडले, "साहेबांचा हात खरवडतूस व्हय रं?" मग त्याने गंजावरच अस्तर दिलं आणि वर हिरवा रंग.

पुढच्या आषाढात बॉनेटला फोड आले, रंगाचे पापुद्रे सुटले. खराब कामाचा ठपका भावावर आला आणि जीप चालवायला सरपंचांच्या मेव्हण्याकडे गेली. भावाची बायको तेव्हा गरोदर होती. त्याने साहेबांच्या ब्रशाची आठवण करून दिली, तर सरपंचांनी त्याला मनगट धरून गाडीच्या पलीकडच्या बाजूला नेलं. तिथे ते पहिलं मडगार्ड होतं, एकही फोड नसलेलं.

"ह्ये बग," ते चावडीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मनात आलं तर येतंय की तुला."

चावडीवर मीही होतो.