टाळी देणारी मांजरी

शाळेतून निवृत्त झाल्यावर पहिल्या वर्षी मी एकाच विद्यार्थिनीला शिकवलं. ती म्हणजे आमची मांजरी. आमचा फ्लॅट गुजरातेत, गोरव्यात, तिसऱ्या मजल्यावर. बाल्कनीत वॉशिंग मशीनमागे ती एवढीशी असताना सापडली आणि राहिली.

मांजराला काही शिकवता येत नाही, असं यजमानांचं मत. त्यांची नंदेसरीच्या केमिकल कंपनीतली नोकरी अजून चालू होती. संध्याकाळी ते घरी यायचे तेव्हा आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या फरशीवर समोरासमोर बसलेल्या असायचो.

तिने मनासारखं काही केलं की त्याच क्षणी मी बॉलपेनचं बटण टक्क वाजवायची आणि उकडलेल्या अंड्याचा कणभर बलक द्यायची. टक्क म्हणजे बरोबर, हे तिला चार दिवसांत कळलं. 'बस' जमायला दोन आठवडे गेले. 'टाळी दे'ला दीड महिना. ती नेहमी डावाच पंजा माझ्या तळहातावर ठेवायची आणि लगेच पेनकडे बघायची. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी यजमानांना अंघोळीतून हाका मारून बाहेर काढलं होतं. टॉवेल गुंडाळून, ओल्या पायांनी ते तिथेच उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, खरंच की!"

मग मी दहा दिवस नाशिकला भावाकडे गेले. पाचव्या दिवशी यांचा फोन आला. "मांजरी कुठे दिसत नाहीये गं. बाल्कनीची जाळी उघडी राहिली."

परत आल्यावर पंधरा दिवस मी तिला शोधलं. रोज संध्याकाळी हे माझ्याबरोबर यायचे. सोसायटीमागचं पत्र्याचं शेड, बंद पडलेल्या कारखान्याचं आवार, गाड्यांच्या खाली, सगळीकडे आम्ही वाकून बघितलं. मी थकून उभी राहिले की हेच म्हणायचे, "पेन वाजव ना, ओळखेल ती." आणि मी वाजवायची.

मुलगी बाळंतपणासाठी यायची होती. फोनवर म्हणाली, "आई, जाऊ दे ना आता. बाळ आल्यावर तुला वेळ तरी कुठे मिळणार होता?" मला ते लागलं, पण पोटुशी आहे म्हणून मी विषय बदलला.

महिन्याभराने दुपारी फोन चाळत होते. यांच्या कंपनीतल्या एका सहकाऱ्याच्या बायकोने स्टेटसवर व्हिडिओ ठेवला होता. ती गुजराती, राहायला वाघोडियाला. व्हिडिओत ती म्हणत होती, "टाळी दे, टाळी दे." अगदी मराठीत, फक्त 'टाळी'तला ट जरा वेगळा. समोरच्या मांजरीने डावा पंजा उचलला. आणि बाईच्या हातात बॉलपेन होतं. टक्क.

मांजरी सापडल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण मी पेनकडेच बघत राहिले.

हे आल्यावर चहा दिला आणि विचारलं, "त्यांना पेनचं कोणी सांगितलं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "मी."

"अहो, पंधरा दिवस माझ्याबरोबर हिंडलात तुम्ही."

"तुला एकटीला कसं पाठवणार होतो?"

असं काही उत्तर असू शकतं, हे मला चाळीस वर्षांच्या संसारात कळलं नव्हतं. मग सगळं बाहेर आलं. मुलीला कोणीतरी सांगितलं होतं की गरोदर बाईच्या घरात मांजर नको. आई ऐकणार नाही, म्हणून बाप-लेकीने परस्पर ठरवलं. मी नाशिकला जाण्याची दोघांनी वाट बघितली. मुलगी फोनवर रडली. "बाबांना बोलू नकोस, माझंच चुकलं." मी म्हटलं, "मला विचारलं असतंस, तर मी तिला स्वतः कुठेतरी ठेवून आले असते." ते खरंही होतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच बसने वाघोडियाला गेले. त्या बाईने दारातच हात जोडले. "बेन, तमे तो महाराष्ट्र जवानां हतां ने?" आम्ही लवकरच कायमचे महाराष्ट्रात जाणार, असं तिला सांगितलं होतं. तिची काही चूक नव्हती. तिने मांजरीला छान ठेवलं होतं, अंगावर तेज आलं होतं. मी खाली बसून हात पुढे केला. मांजरीने आधी त्या बाईकडे पाहिलं, मग टाळी दिली.

"लई जाओ, बेन, तमारी ज छे," तुमचीच आहे, घेऊन जा, असं म्हणत ती डोळे पुसत स्वतःच टोपली घेऊन आली.

डॉक्टरीणबाईंनी मुलीला एवढंच सांगितलं की मांजरीची घाण तिने साफ करायची नाही. ती मीच काढत होते. बाळंतपण नीट पार पडलं. नात झाली. सगळे म्हणतात, झालं ते झालं.

हे आता जपून वागतात. मांजरीसाठी अंडं उकडतात, मला विचारून. पण रात्री झोपताना ते म्हणाले की गॅस बंद केलाय, तर मी हो म्हणते आणि थोड्या वेळाने पाण्याचं निमित्त करून उठते. स्वयंपाकघरात जाऊन बटण हाताने चाचपून बघते. त्यांना ते माहीत आहे. ते कुशीवर वळून झोपल्यासारखं करतात.